आईंचा चष्मा आणि नर्सबाईंचे संशोधन

गेल्या गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभी असताना निदान पाच जणींनी मला विचारले, "सासूबाई कशा आहेत आता?" रांग पुढे सरकत होती, हातात ताट होते, म्हणून "बऱ्या आहेत, वॉकर घेऊन चालतात," एवढेच सांगितले. खरे उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझ्या स्वतःच्या चुका बऱ्याच आहेत. संपादकांच्या कानावर हे गेले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, लिहूनच द्या. पाने मोकळी आहेत." म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा आपल्या मंडळात म्हातारे माणूस औषधालासुद्धा सापडत नसे. सगळे तिशीच्या आतबाहेरचे, कडेवर मुले. आता भोंडल्याला आधी खुर्च्या मांडाव्या लागतात. कुणाचे आईवडील इथे कायमचे राहायला आले आहेत, तर जे पहिल्यांदा आले ते स्वतःच पंचाहत्तरी ओलांडून बसले आहेत. तेव्हा ही माझ्या एकटीच्या घरची गोष्ट नव्हे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. जन्मभर हिशेबाचे काम केले. पण आपल्याच एका सभासदांची मुलगी फिलाडेल्फियात नर्सिंग शिकते. तिने मला लेख काढून दिले, समजावून सांगितले. त्यातून जे कळले ते इथे लिहिते आहे.

"आजच कशाला उठवता?"

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, ८१ वर्षांच्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडेच असतात. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे बाथरूममध्ये पडल्या आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले, तर नर्स आणि व्यायाम करवणारी बाई अशा दोघी मिळून आईंना पलंगाच्या कडेला बसवत होत्या. आई कण्हत होत्या. माझा पारा चढला. "अहो, काल ऑपरेशन झालंय. आजच कशाला उठवता? चार दिवस पडू द्या की त्यांना!"

ह्यांनाही ते पटले नाही. आपल्याकडे आजारी माणसाने पडून राहायचे आणि घरच्यांनी सगळे हातात द्यायचे, ही रीत. जो जास्त हातात देतो त्याने जास्त सेवा केली. आम्ही दोघांनी मग तसेच सुरू केले. आईंना मीच भरवायची, केस मीच विंचरायची. नर्स म्हणाली, "चमचा त्यांना धरू द्या." मी मनात म्हटले, हिला काम नको आहे.

नंतर वाचले ते असे. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धडधाकट अशा वयस्कर माणसांना १० दिवस नुसते अंथरुणावर ठेवले. आजार नाही, ऑपरेशन नाही. १० दिवसांत त्यांच्या पायांतले सुमारे १ किलो स्नायू कमी झाले. धडधाकट माणसाची ही गत, तर ८१ वर्षांच्या बाईची काय होणार? माझ्या "चार दिवस पडू द्या"चा हिशेब मला तेव्हा कळला.

दुसऱ्या रात्रीचा प्रकार

दुसऱ्या रात्री मी आईंजवळ राहिले होते. दीडच्या सुमारास त्या उठून बसायला लागल्या. "माझी पिशवी दे गं, गाडी चुकेल." कुठली गाडी? मग त्या आपल्या बहिणीशी बोलू लागल्या. मावशींना जाऊन वीस वर्षे झाली. सलाइनची नळी ओढायला लागल्या. मला ओळखेनात. "तू कोण? घरात कशी आलीस?" असे मलाच विचारले. तीस वर्षे ज्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात काढली त्यांनी असे विचारले तेव्हा मला रडूच फुटले. मला वाटले, झाले, डोक्यावर परिणाम झाला.

मी धावत जाऊन रात्रपाळीच्या नर्सला बोलावले आणि म्हटले, "हात बांधता येणार नाहीत का? निदान पलंगाचे चारही कठडे वर करा. त्या उतरतील आणि पुन्हा पडतील."

तिने हात बांधले नाहीत. तिने मला विचारले, "घरी या अशा असतात का?"

"मुळीच नाही. रोज वर्तमानपत्र वाचतात. नातवाच्या अभ्यासाचा हिशेब ठेवतात."

"मग हे आज अचानक आलेले आहे. चष्मा लावतात का? कानाला यंत्र आहे का?"

दोन्ही होते. ते हरवू नये म्हणून मी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून कपाटात ठेवले होते. दोन दिवस आईंना धड दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते, आणि कानावर जे पडत होते ते इंग्रजीत होते. खोलीत रात्रंदिवस सारखाच उजेड. नर्सने चष्मा लावला, कानात यंत्र बसवले, मोठा दिवा मालवला आणि मला म्हणाली, "आता तुमच्या भाषेत बोला. कुठे आहेत, काय झालंय, तुम्ही कोण, ते सांगा. वाद घालू नका." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून तिने लघवीची नळीही काढायला लावली, एक झोपेची गोळी बंद करवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईंनी मला विचारले, "घरी दूध तापवलं का कुणी?" तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आपल्याकडे जुनी माणसे याला "वात झाला" म्हणत. इंग्रजीत डिलिरियम. हा म्हातारपणचा विसराळूपणा नव्हे. विसराळूपणा महिन्या-वर्षांनी वाढतो, डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. तो मेंदूवर आलेला ताण असतो. जंतुसंसर्ग, औषधे, दुखणे, पाणी कमी पडणे, झोप न होणे अशी त्याची कारणे. कधी माणूस आरडाओरडा करतो, तर कधी अगदी गप्प पडून राहतो. गप्प राहणाऱ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, "बरं झालं, झोपलेत" असे सगळे म्हणतात. ते जास्त धोक्याचे.

डॉक्टर शेरन इनोये यांनी १९९९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. न्यू हेवन येथील इस्पितळात सत्तरी ओलांडलेले ८५२ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा आणि निम्म्यांना काही साध्या गोष्टी जास्तीच्या. चष्मा आणि कानाचे यंत्र लावणे, पाणी पाजणे, दिवसातून तीनदा उठवून चालवणे, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत ते सांगणे, गोळीऐवजी कोमट दूध आणि मंद संगीत देऊन झोपवणे. यासाठी नर्स होत्या आणि शिकवून तयार केलेले स्वयंसेवकही होते. नेहमीच्या शुश्रूषेत १०० पैकी १५ जणांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात १०० पैकी १० जणांना. नवे औषध एकही नाही.

याच इनोये यांनी २००१ साली आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना डिलिरियम झाला होता त्यांतले जेमतेम ३१ टक्के रुग्ण त्यांच्या नर्सना ओळखता आले. बाकीचे निसटले. नर्स आळशी होत्या म्हणून नव्हे. आजी घरी कशा बोलतात ते त्यांना माहीत कसे असणार? ते आपल्यालाच माहीत. म्हणून "या अशा नसतात" हे शब्द आपणच मोठ्याने आणि लवकर म्हणायला हवेत. आपली माणसे मराठीत बरळतात की नीट बोलतात, हे तर आपल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

बांधून ठेवण्याबद्दल

"हात बांधा" असे मी म्हटले त्याची मला आजही लाज वाटते. पण एके काळी अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना खुर्चीला, पलंगाला बांधून ठेवणे ही रोजची गोष्ट होती. पडू नयेत म्हणूनच बांधत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोइस एव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या दोन नर्स-प्राध्यापिकांनी १९८० च्या दशकात विचारायला सुरुवात केली की, बांधल्याने पडणे खरोखर थांबते का? बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, त्याचे स्नायू जातात, पाठ सोलवटते, आणि सोडल्यावर तो जास्तच पडतो. कठड्यांचेही तेच. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरतो, म्हणजे आणखी उंचावरून पडतो.

१९८७ साली अमेरिकन काँग्रेसने नर्सिंग होमविषयीचा कायदा केला. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधून ठेवता येणार नाही, हा हक्क त्यात आला. पुढे १९९७ साली एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन नर्सिंग होममधला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना शिकवले आणि शिवाय वृद्धांच्या शुश्रूषेतली तज्ज्ञ नर्स सल्ल्याला दिली, तिथे बांधून ठेवणे निम्म्याहून कमी झाले. पडून गंभीर इजा होण्याचे प्रमाण काही वाढले नाही.

पाठीला काय चोळायचे?

चौथ्या दिवशी नर्स आईंना कुशीवर वळवून माकडहाडाजवळ बोटांनी दाबून पाहत होती. मी म्हटले, "काही लाल दिसत नाही." ती म्हणाली, "तुमच्या रंगाच्या त्वचेवर लाली लवकर दिसत नाही. हाताला गरम लागतं का, आजूबाजूपेक्षा घट्ट किंवा मऊ लागतं का, ते पाहावं लागतं." हे वाक्य प्रत्येक मराठी घराने लक्षात ठेवावे असे आहे. गोऱ्या माणसांच्या कातडीवरून लिहिलेली लक्षणे आपल्याला नेहमी लागू पडत नाहीत.

मी लगेच स्पिरिट आणि पावडरची गोष्ट काढली. माझ्या आजोबांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही त्यांच्या पाठीला रोज स्पिरिट चोळून वर पावडर लावत होतो. नर्स हसली आणि म्हणाली, "ते एका इंग्लिश नर्सने केव्हाच तपासून पाहिलंय."

त्या बाई म्हणजे डोरीन नॉर्टन. लंडनमध्ये म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डात त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर काम केले आणि १९६२ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्या काळी बेडसोअर होऊ नये म्हणून प्रत्येक वॉर्डात वेगळे काहीतरी चोळत. कुठे स्पिरिट, कुठे साबणाचे पाणी, कुठे मलम. नॉर्टनबाईंना दिसले ते असे की काय चोळता याला महत्त्व नाही, दाब हटवण्याला आहे. ठरलेल्या वेळी कूस बदलली तर पाठ शाबूत राहते. बहुतेक जखमा दाखल झाल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांतच होतात, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे "जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग बघू" असे म्हणायला वेळच नसतो.

कुणाला धोका जास्त, हे ओळखायला त्यांनी पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत काढली. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणे-फिरणे, अंग हलवता येणे आणि लघवी-शौचावरचा ताबा. प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा त्याखाली गेली की सावध व्हायचे. अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन नर्सनी पुढे सहा गोष्टींची पद्धत तयार केली, तिचा अभ्यास १९८७ साली छापून आला. त्यात ओलसरपणा, खाणेपिणे आणि अंथरुणावर घासले जाणे हेही मोजतात. नर्स कॉम्प्युटरवर "ब्रेडन" असे काही भरताना दिसली तर ते हेच. "आज किती आले?" असे खुशाल विचारावे. तिथे १८ किंवा त्याखाली म्हणजे धोका.

संशोधन म्हणजे एकदा ठरले ते कायमचे, असेही नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची हा नियम सगळीकडे झाला होता. बर्गस्ट्रॉमबाईंनीच तो पुन्हा तपासला. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधील ९४२ रहिवाशांचा तो अभ्यास २०१३ साली आला. चांगली फोमची गादी असेल तर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलण्यात फरक दिसला नाही. रात्री दर दोन तासांनी झोपमोड करण्याची गरज प्रत्येकालाच नसते, असा त्याचा अर्थ. पण आपल्या माणसासाठी किती तास ते नर्सला विचारूनच ठरवावे.

दुभाष्याने फोडलेले गुपित

पाचव्या दिवशी नर्सने टेलिफोनवर मराठी दुभाष्या मागवला. ह्यांना थोडा राग आला. "मी आहे ना! मी सांगतो आईला." नर्स म्हणाली, "तुम्ही थांबा, पण प्रश्न मी विचारते आणि उत्तर त्या देतील."

त्या उत्तरातून आम्हाला जे कळले ते घरात दोन वर्षे राहून कळले नव्हते. आई रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होत्या. त्याआधी दोनदा पडल्या होत्या. एकदा मोरीत, एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. दार वाजून आमची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नव्हत्या. "मुलांना सकाळी कामावर जायचं असतं," असे त्या दुभाष्याला म्हणाल्या. हे शेजारी उभे राहून ऐकत होते. नंतर बराच वेळ ते खिडकीशीच उभे होते.

मुलाला सांगायला संकोच वाटतो ते परक्याला सांगता येते. इस्पितळांनी दुभाष्या फुकट द्यायचा असतो, तो मागण्यात कमीपणा नाही. आणि नातवंडांना तर या कामाला कधीच लावू नये.

पडणे हे नशीब नव्हे, हेही तपासलेले आहे. १९९४ साली डॉक्टर मेरी टिनेटी यांनी न्यू हेवन येथील सत्तरीच्या पुढच्या ३०१ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्स आणि व्यायामतज्ज्ञ त्यांच्या घरी गेले. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, झोपेच्या गोळ्या किती, आंघोळीच्या जागी धरायला काय आहे, पायांत ताकद किती, हे पाहून एकेक गोष्ट सुधारली. वर्षभरात त्यांच्यातले ३५ टक्के पडले, ज्यांच्यासाठी हे केले नाही त्यांच्यातले ४७ टक्के.

घरी आल्यावर

आठवड्यानंतर आईंना पुनर्वसन केंद्रात आणि तिथून तीन आठवड्यांनी घरी आणले. घरी आल्यावर सगळे संपले असे आम्हाला वाटले. दुसऱ्याच दिवशी घरी येणारी नर्स आली. तिने आधी रक्तदाब पाहिला नाही. ती म्हणाली, "घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर आणा. कपाटातल्या, पर्समधल्या, देवघरातल्यासुद्धा."

देवघराशेजारच्या डब्यात भारतातून आणलेल्या गोळ्या निघाल्या. पाकिटावर वेगळे नाव, इथल्या बाटलीवर वेगळे. आतले औषध एकच, अम्लोडिपिन. आई रक्तदाबाची तीच गोळी सकाळी इथली आणि रात्री तिथली अशी दुप्पट घेत होत्या. "तिकडची जास्त लागू पडते," हे त्यांचे कारण. म्हणजे बाथरूममध्ये पाय घसरला, की उठल्यावर चक्कर आली? ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण डबा मीच दर वेळी भारतातून भरून आणत होते.

ज्या फिलाडेल्फियातून आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, त्याच शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेरी नेलर या नर्स-संशोधिकेने इस्पितळ ते घर या मधल्या वाटेचाच अभ्यास केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरचे, पुन्हा दाखल व्हावे लागेल असा धोका असलेले ३६३ रुग्ण. त्यातल्या निम्म्यांना एक जादा शिकलेली नर्स नेमून दिली. इस्पितळात तीच, घरीही तीच. घरी गेल्यावर ४८ तासांच्या आत एक भेट, आठ-दहा दिवसांनी दुसरी, आठवड्याला फोन, आणि आठवड्याचे सातही दिवस तिला फोन करता येईल अशी सोय. हे सगळे फक्त चार आठवडे. २४ आठवड्यांनंतर पाहिले तर नेहमीच्या गटातले ३७ टक्के पुन्हा दाखल झाले होते, नर्स दिलेल्या गटातले २० टक्के. मेडिकेअरचा खर्चही जवळजवळ निम्मा, १२ लाख डॉलरऐवजी ६ लाख. जन्मभर हिशेब केल्यामुळे हा आकडा मी दोनदा वाचला.

आपल्याकडे मुलगी डॉक्टर झाली की पेढे वाटतात आणि नर्सिंगला गेली की "असू दे, पुढे बघू" म्हणतात. मीही म्हटलेले आहे. ज्या मुलीने मला हे लेख दिले तिच्या आईलाच म्हटले होते. ते शब्द मी इथे जाहीरपणे मागे घेते.

लक्षात ठेवण्यासारखे

१. इस्पितळात जाताना चष्मा, कानाचे यंत्र, त्याच्या बॅटऱ्या आणि कवळी बरोबर न्यावी, आणि ती कपाटात न ठेवता अंगावर असावी. डबीवर नाव लिहावे.

२. सगळ्या औषधांची एकच यादी करावी. भारतातल्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णे, काढे हेही त्यात लिहावे. पाकिटावरचे नाव नको, आतल्या औषधाचे नाव लिहावे.

३. "या घरी अशा नसतात" हे पहिल्याच तासाला सांगावे.

४. डॉक्टरांनी परवानगी दिली की उठवावे, खुर्चीत बसवून जेवू घालावे. चमचा त्यांच्याच हातात द्यावा, सांडले तर सांडू द्यावे.

५. म्हातारपणी तहान कमी लागते. विचारत बसू नये, पेला हातात द्यावा. पाण्यावर बंधन आहे का ते आधी विचारून घ्यावे.

६. शाकाहारी माणसाचे जेवण नुसत्या जेलीवर आणि टोस्टवर भागत नाही. दूध, दही, वरण असे पौष्टिक आणता येईल का ते विचारावे. हृदयविकार असेल तर लोणचे-पापड मायेने नेऊ नये.

७. माकडहाड आणि टाचा रोज हाताने तपासाव्यात. पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून उचललेल्या ठेवाव्यात. हाडावर चोळू नये.

८. घरी सोडण्याच्या दिवशी विचारावे की पहिली भेट कधी, आणि रात्री काही झाले तर फोन कुणाला करायचा.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. न्यू हेवनच्या त्या अभ्यासात स्वयंसेवक होते हे मी वर लिहिले. ते येत, पाणी पाजत, दोन शब्द बोलत, आधार देऊन चालवत. आपल्या माणसांशी मराठीत दोन शब्द बोलायला त्या इस्पितळात कोण असणार? नोकरी करणारी मुले रात्रंदिवस बसू शकत नाहीत. आपल्यातले कितीतरी जण आता निवृत्त आहेत. कुणी मराठी आजी-आजोबा इस्पितळात असतील तर दुपारी तासभर जाऊन बसायला, वर्तमानपत्र वाचून दाखवायला दहा-बारा जण तयार झाले तरी पुरे. इस्पितळाचे नियम असतील ते पाळू, लागेल ते शिकून घेऊ. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी नावे चिटणिसांकडे द्यावीत. पहिले नाव माझे लिहावे.

— एक सभासद

ता. क. : हा लेख पाठवण्यापूर्वी आईंना वाचून दाखवला. "वय लिहायची काय गरज होती?" असे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गोळ्यांचं लिहिलंस ते बरं केलंस. माझ्यासारख्या आणखी असतील." हल्ली दुपारचा चहा त्याच करतात. एका हाताने ओटा धरून उभ्या राहतात आणि आम्ही कुणी स्वयंपाकघरात जायचे नाही, अशी ताकीद आहे.